एका पेशीच्या तटबंदीतल्या जंग्या

सन १७६९. लंडनमधला जॉन एलिस नावाचा एक कापडाचा व्यापारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. भिंगाखाली होतं सडक्या भिजवणाचं पाणी, आणि त्यात सैरावैरा पळणारे इवले जीव. ते एका जागी थांबायला तयार नव्हते. ज्याने कधी शाळेच्या प्रयोगशाळेत पॅरामेशियम बघायचा प्रयत्न केलाय त्याला एलिसचं दुखणं लगेच कळेल. स्लाइडवर दिसला दिसला म्हणेपर्यंत गडी पसार.

तर एलिसने त्यांना शांत करायला पाण्यात वेगवेगळ्या गोष्टी टाकून पाहिल्या. जिरॅनियमच्या एका जातीचा रस टाकल्यावर मात्र काम झालं. जीव मंदावले, आणि त्यांच्या अंगाभोवती बारीक बारीक तंतूंची झालर दिसू लागली. एलिसला वाटलं, हे त्यांचे पोहायचे पंख. एरवी हालचालीमुळे दिसत नाहीत, आता शांत झाल्यावर दिसले. तसं त्याने रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापूनही टाकलं. (हाच एलिस माशी खाणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचं वर्णन लिनिअसला कळवणारा. एका माणसाच्या नशिबात किती गोष्टी पहिल्यांदा बघायचं असतं बघा.)

प्रत्यक्षात ते पंख नव्हतेच. जिरॅनियमच्या रसाने तो जीव शांत झाला नव्हता, पार हादरला होता, आणि हादरून त्याने आपल्याजवळचा सगळा दारूगोळा एकदम बाहेर फेकला होता. एलिसने जे पाहिलं ते उडालेल्या बाणांचं रान होतं.

हे बाण खरोखर बाणच आहेत, म्हणजे बचावासाठीच आहेत, हे प्रयोगाने नीट सिद्ध व्हायला १९९१ साल उजाडलं. २२२ वर्षं! मधल्या काळात माणसाने या वस्तूला नाव दिलं, तिची चित्रं काढली, तिचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो घेतले, तिच्यातली प्रथिनं वेगळी केली. फक्त "ही कशासाठी आहे?" या एका प्रश्नाला पक्कं उत्तर नव्हतं. मला या गोष्टीचा नाद लागला तो यामुळेच. आमच्या धंद्यात एखादी फाइल काय करते ते अर्ध्या तासात कळतं. ती का लिहिली होती हे कळायला मात्र लिहिणाऱ्याला शोधावं लागतं, आणि तो तोपर्यंत कंपनी सोडून गेलेला असतो.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. पॅरामेशियमच्या कातडीला आतल्या बाजूने लागून हजाराच्या आसपास गाजराच्या आकाराच्या कुप्या रांगेत उभ्या असतात. प्रत्येकीची लांबी तीन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार. यांना ट्रायकोसिस्ट म्हणतात. आत प्रथिनांचा स्फटिक असतो, दाबून बसवलेल्या स्प्रिंगसारखा. शत्रूचा स्पर्श झाला, किंवा तुम्ही स्लाइडवर शाईचा थेंब सोडला, की कुपीचं तोंड पेशीच्या पडद्याला चिकटून उघडतं. बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम आत शिरतं. ते लागताच स्फटिक काही मिलिसेकंदांत सुमारे आठपट लांब होतो, आणि पेशीच्या बाहेर टोकदार सुई होऊन उभा राहतो. डोळ्याची पापणी लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात, त्यावरून अंदाज करा.

यात इंजिन नाही, स्नायू नाही, ऐनवेळी जाळायचं इंधनही नाही. लागणारी सगळी ऊर्जा कुपी बनवतानाच तिच्यात भरून ठेवलेली. गोळी एकदाच सुटते आणि रिकामी जागा भरायला पेशीला पुढचे काही तास लागतात. कुपी आधीच तोंडाशी आणून ठेवायची आणि कॅल्शियमचा इशारा मिळताच पडदे जुळवून मोकळी करायची, ही युक्ती आपल्या शरीरातही आहे. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं ते असंच, आणि एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तीही असाच. म्हणून १९७०च्या दशकापासून पेशीशास्त्रज्ञांनी पॅरामेशियमवर जीव टाकला. एका इशाऱ्यावर शेकडो कुप्या एकाच वेळी सुटणारी अशी सोयीची पेशी दुसरी कुठे मिळणार? बचाव कशाचा आणि कुणापासून, याची यातल्या बऱ्याच जणांना फिकीर नव्हती. त्यांना कुपी कशी उघडते एवढंच हवं होतं.

ट्रायकोसिस्ट हे नाव १८५५चं. आयरिश निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज ऑलमन याने दुसऱ्या एका सिलिएटमध्ये या कुप्या सुटताना पाहिल्या. त्याला लगेच हायड्रा आणि जेलीफिश आठवले, कारण त्यांच्या अंगावर डंख मारणाऱ्या, दोरा फेकणाऱ्या पेशी असतात हे तेव्हा माहीत होतं. म्हणून ग्रीक भाषेतून "केसाची पिशवी" अशा अर्थाचं नाव त्याने ठेवलं. नाव निरुपद्रवी आहे, पण सोबतची तुलना नाही. जेलीफिशचा डंख हत्यार आहे, हे दिसायला त्याच्यासारखं आहे, म्हणजे हेही हत्यार, असं तिथून पुढे बहुतेकांनी धरून चाललं. साम्य दिसलं की उद्देशही सारखाच, हे अनुमान किती सहज होतं! आणि ते बरोबर निघालं तरीही तेव्हा ते अनुमानच होतं.

आता जरा मुंबईला येऊ, कारण अगदी याच वर्षांत आपल्या किनाऱ्यावर एक माणूस याच जातीचे जीव बघत बसला होता.

हेन्री जॉन कार्टर, जन्म १८१३, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला सर्जन. १८४०च्या दशकात 'पॅलिन्युरस' जहाजावरून अरबस्तानच्या किनाऱ्याच्या सर्वेक्षणाला जाऊन आला. मग मुंबईत बसून भूगर्भ, नारू, गोड्या पाण्यातले स्पंज, जे समोर येईल त्यावर लिहीत राहिला. १८५६मध्ये त्याने मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या 'इन्फ्युझोरिया'वर, म्हणजे आपल्या पॅरामेशियमच्या भाऊबंदांवर, मोठा लेख लिहिला. (इथे एक घोळ हमखास होतो. 'ग्रेज अॅनाटमी'ची ती प्रसिद्ध चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर वेगळा. तो १८५८मध्ये मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. एकाच शहरात, एकाच काळात दोन डॉक्टर हेन्री कार्टर, दोघांच्याही हातात सूक्ष्मदर्शक. गूगलबाबासुद्धा गोंधळतो.)

नागपूरकरांसाठी आणखी एक धागा. आमच्याकडचा रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाने पुढे हिस्लॉप कॉलेज निघालं, तोही त्याच दशकात नागपूरच्या आसपास दगड फोडत हिंडत होता. नागपूर संस्थानाच्या भूगर्भावरचा त्याचा लेख १८५३मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये आला, आणि कार्टरही त्याच सोसायटीच्या वर्तुळातला. नागपूरहून मुंबईला तेव्हा रेल्वे नव्हती, पण दगडांची आणि शंखांची वर्णनं मात्र बरोबर पोचत होती. असो, विषयांतर झालं.

कार्टरचा आपल्याला हवा असलेला लेख १८५८चा. विषय, मुंबई बेटाभोवतीच्या समुद्राला येणारा लाल रंग. तिकडे उत्तरेत उठावाची धामधूम चालू असताना हा गृहस्थ इकडे लाल पाणी बाटलीत भरून भिंगाखाली बघत होता. रंगाला जबाबदार असलेल्या एकपेशीय जीवाला त्याने 'पेरिडिनियम सँग्विनियम', म्हणजे रक्तवर्णी पेरिडिनियम, असं नाव दिलं. आज आपण या गटाला डायनोफ्लॅजेलेट म्हणतो. समुद्रात जे लाल, तपकिरी पट्टे येतात आणि काही ठिकाणी रात्री लाटा निळ्या चमकतात, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींमागे हेच जीव असतात.

कार्टरचं लक्ष रंगाकडे होतं. पण डायनोफ्लॅजेलेटची खरी गंमत त्यांच्या अंगरख्यात आहे. पेरिडिनियमसारख्या जातींना सेल्युलोजच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. पट्ट्या एकमेकींना सांधून बसवलेल्या, जणू चिरेबंदी तट. आणि त्या तटाला जागोजागी बारीक भोकं. भोकांच्या मागे पेशीच्या आत काय उभं असतं? ट्रायकोसिस्ट.

ज्यांनी किल्ले पायाखाली घातलेत त्यांना सांगायला नको. तटाला, बुरुजाला आतून बाहेर नेम धरायला तिरपी भोकं ठेवलेली असतात, त्यांना जंग्या म्हणतात. आतल्याला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. डायनोफ्लॅजेलेटचं चिलखत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थेट जंग्याच आठवल्या. फरक एवढाच की हा अख्खा किल्ला मिलिमीटरच्या विसाव्या भागात मावतो आणि पोहतो.

या समुद्री जीवांच्या ट्रायकोसिस्टची आतली रचना १९६६मध्ये बाऊक आणि बिअट्रिस स्वीनी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपशिलात दाखवली. चौकोनी काटछेदाची, स्फटिकासारखी प्रथिनाची कांडी. सुटली की कित्येक पट लांब होते. तत्त्व पॅरामेशियमच्या कुपीसारखंच.

आता आम्ही पारशिवनीकर समुद्रापासून दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर आत. आमच्या वाट्याला पेंच, कालवे आणि मामा तलाव. पण या कुप्या बघायला समुद्र लागतच नाही. धानाचं तणस पाण्यात टाकून चार-सहा दिवस ठेवा, त्यात बोडीतलं चमचाभर पाणी मिसळा, पॅरामेशियम हजर. स्लाइडवर कडेने शाईचा थेंब सोडा. एलिसचे "पंख" तुम्हालाही दिसतील, तेही जिरॅनियम न शोधता. समुद्रातल्या जीवांच्या हत्यारांबद्दल जे पक्कं कळलंय, त्यातलं बरंचसं अशा डबक्यातल्या चुलतभावाकडूनच कळलंय.

तर ते पक्कं कसं कळलं, ते आता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला "हत्यार" ही कल्पना डळमळायला लागली होती. डिडिनियम नावाचा एक पिंपासारखा सिलिएट पॅरामेशियमला धरतो आणि सरळ गिळतो. पॅरामेशियम बाणांचा भडिमार करतो, तरीही बऱ्याचदा गिळला जातोच. मग हे कसलं हत्यार? शिवाय या बाणांना विष नाही. कुणी म्हणालं, हे हत्यार नसून नांगर आहेत, खाताना एका जागी चिकटून राहायला. कुणी म्हणालं, पेशीतला नको असलेला माल बाहेर टाकायची सोय असेल. प्रत्येकाकडे थोडा थोडा पुरावा होता आणि कुणाचाच पुरेसा नव्हता.

मग १९७०च्या दशकात जनुकशास्त्रवाल्यांनी ट्रायकोसिस्ट बिघडलेले पॅरामेशियम गोळा केले. काहींमध्ये कुपी तयारच होत नव्हती, काहींत तयार व्हायची पण सुटत नव्हती. काहींमध्ये ती गाजरासारखी न होता चेंडूसारखी व्हायची, त्या जातीचं नाव 'फुटबॉल'. टोक नसलेल्या एका जातीचं नाव 'पॉइंटलेस'. शास्त्रज्ञांनाही पाचकळ विनोद सुचतात हे बघून बरं वाटलं.

आणि हे सगळे अपंग गडी प्रयोगशाळेत मजेत जगत होते! खात होते, दुभंगून वाढत होते. हजार कुप्या काढून टाकल्या तरी काही बिघडलं नाही. आमच्या टीममध्ये असं झालं तर तासाभरात मेल फिरतो, "हा कोड कुणी वापरत नाही, डिलीट करूया का?" पण पाच वर्षं टिकलेल्या प्रत्येक इंजिनिअरला या मेलची भीती वाटते. टेस्ट सर्व्हरवर काही बिघडलं नाही म्हणजे प्रॉडक्शनमध्ये बिघडणार नाही असं थोडंच आहे? काचेच्या बशीत शत्रूच नव्हता. तिथे हत्यार नसल्याने मरणार कोण?

हा साधा विचार प्रयोगात उतरला १९९१मध्ये. तेरुए हारुमोटो आणि अकिओ मियाके या दोघांनी कुप्या असलेले पॅरामेशियम आणि कुप्या नसलेले त्यांचे भाऊ घेतले. जात एकच, फरक फक्त त्या एका गोष्टीचा. आणि त्यांच्यात शिकारी सोडला. निवडही मोठी विचारपूर्वक. डिडिनियम नाही, तर डायलेप्टस. हा लांब सोंडेचा सिलिएट, आणि त्या सोंडेवर त्याच्या स्वतःच्या विषारी कुप्या. म्हणजे दोन्ही बाजूंना फेकायची हत्यारं.

निकाल स्वच्छ लागला. कुप्या असलेले बहुतांशी वाचले, नसलेले पटापट खाल्ले गेले. डायलेप्टसची सोंड लागली की नेमक्या त्याच ठिकाणच्या कुप्या सुटत, दोघांमध्ये सुयांची भिंत उभी राहत असे, आणि तेवढ्या क्षणात पॅरामेशियम मागे वळून पळ काढत असे. म्हणजे हे शत्रूला मारायचं हत्यार नव्हे. धरलेला हात झटकून सुटायचं हत्यार. विष नसण्याचं कोडंही इथे सुटतं, झटकायला विष कशाला हवं? त्याच वर्षी जर्मनीत कोन्स्टान्झच्या हेल्मुट प्लाट्नर यांच्या गटाने वेगळ्या वाटेने तेच दाखवलं, की एका जागच्या थोड्या कुप्या सुटल्या तरी पेशीला निसटायला पुरतं.

मला यात सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. २०१३मध्ये याच घराण्यातल्या संशोधकांनी पॅरामेशियमला मोठ्या, बहुपेशीय शत्रूंपुढे उभं केलं. रोटिफर आणि शिंपल्यासारखं कवच असलेला बारका ऑस्ट्राकॉड, यांच्यापुढे कुप्यांचा उपयोग झाला. पण एका चपट्या कृमीपुढे काही चाललं नाही. म्हणजे "ट्रायकोसिस्ट बचावाचं साधन आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. समोर कोण आहे ते सांगा, मग उत्तर देतो. डिडिनियमकडे बघून हत्यार फोल ठरवणारे जुने लोक खोटं बोलत नव्हते. त्यांनी चुकीच्या शत्रूवर परीक्षा घेतली होती इतकंच.

आता पुन्हा समुद्रात, आणि तिथल्या सगळ्यात भारी तोफखान्याकडे. १८७३मध्ये ओटो ब्यूचली या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने पॉलीक्रिकॉस नावाचा समुद्री डायनोफ्लॅजेलेट वर्णन केला. त्याच्यात साधे ट्रायकोसिस्ट तर असतातच, पण त्याशिवाय अशा कुप्या असतात ज्या जेलीफिशच्या डंखकुपीशी कमालीच्या मिळत्याजुळत्या. कुपी, तिला झाकण, आत गुंडाळलेली नळी, टोकाला टोचणी. ऑलमनची तुलना दिसण्यापुरती होती, इथे तर भाग-भाग जुळत होते. आणि हा जीव एका पेशीचा, जेलीफिश लाखो पेशींचा प्राणी.

मग प्रश्न आलाच. चोरी कुणी कुणाची केली? विसाव्या शतकाच्या अखेरीला काही जीवशास्त्रज्ञांनी गंभीरपणे मांडलं की जेलीफिशच्या पूर्वजाच्या पेशीत असा एखादा एकपेशीय जीव राहायला आला, आणि डंखकुपी हा त्याचा वारसा. कल्पना वेडगळ वाटते, पण पेशीशास्त्रात अशी भाडेकरूची घरमालक झालेली उदाहरणं आहेत. आपल्या पेशीतलं मायटोकॉन्ड्रियन हे एकेकाळचं बॅक्टेरियाच.

२०१७मध्ये ग्रेगरी गॅव्हेलिस, ब्रायन लिअँडर आणि सहकाऱ्यांनी या भांडणाचा निकाल लावला. त्यांनी या कुप्यांची त्रिमितीय रचना बारकाईने उभी केली आणि जनुकंही तपासली. जेलीफिशची डंखकुपी ज्या खास प्रथिनांपासून बनते त्यांचा डायनोफ्लॅजेलेटमध्ये पत्ता नव्हता. दोघांनी आपापली कुपी स्वतंत्रपणे घडवली होती. एकच स्पेसिफिकेशन दोन टीमना दिलं, दोघींनी एकमेकींचा कोड न बघता जवळजवळ सारखं यंत्र बनवलं. पॉलीक्रिकॉस भक्ष्याला आधी भोसकतो आणि मग कुपीला जोडलेल्या तंतूने गळाला लागलेल्या माशासारखा ओढत आणून गिळतो. भक्ष्य बहुधा दुसरे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे तटबंदी आणि जंग्यावालेच! त्याचा नातलग नेमॅटोडिनियम तर आणखी पुढे गेला. त्याच्या एका कुपीत डझनाच्या आसपास नळ्या वर्तुळात बसवलेल्या आहेत, गॅटलिंग तोफेसारख्या. हे मात्र बचावाचं राहिलं नाही, ही सरळ शिकार आहे.

बरोबर उलटं उदाहरणही आहे. क्रिप्टोफाइट नावाच्या बारक्या शैवालांमध्ये घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली फीत असते. धोका वाटला की ती सुटून लांबते आणि पेशी उसळी मारून दूर जाते. २०१२मध्ये जपानी संशोधकांनी एका समुद्री क्रिप्टोफाइटच्या फितीतली प्रथिनं तपासली, तर ती कुणाची नातलग निघाली? पॅरामेशियमच्या पोटात राहणाऱ्या एका बॅक्टेरियाच्या फितीची. तो बॅक्टेरिया पोटात असलेले पॅरामेशियम दुसऱ्या पॅरामेशियमना मारू शकतात, ही गोष्ट अमेरिकेत ट्रेसी सॉनबॉर्नने १९३०च्या दशकाच्या शेवटी शोधली होती. शैवाल कुठे, बॅक्टेरिया कुठे, पण कोड नात्यातला. जिथे कॉपी-पेस्टचा संशय होता तिथे ती नव्हती, आणि जिथे कुणाच्या मनातही नव्हतं तिथे सापडली.

हे सगळं छान, पण याचं माणसांना काय? त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरून मुंबईच्या खाली मलबारपर्यंत जावं लागेल.

तिथे पावसाळ्यानंतर समुद्राचं पाणी रंग बदलतं आणि मासे मरून किनाऱ्याला लागतात, ही कोळ्यांची जुनी ओळखीची गोष्ट. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यात काम करणाऱ्या जेम्स हॉर्नेलने १९१७मध्ये यावर एक अहवाल लिहिला आणि दोष एका एकपेशीय जीवावर ठेवला. पुढे १९५४मध्ये आर. सुब्रमण्यन यांनी मलबारच्या समुद्राला हिरवा रंग आणून प्राणी मारणाऱ्या एका नव्या जीवाचं सविस्तर वर्णन केलं आणि हॉर्नेलच्या सन्मानार्थ नाव ठेवलं 'हॉर्नेलिया मरिना'. १९८२मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तो 'शॅटोनेला' या वंशात हलवला. आज जगभर तो 'शॅटोनेला मरिना' म्हणून ओळखला जातो, आणि नावापुढे कंसात सुब्रमण्यन हे नाव लागतं.

जपान्यांना या जीवात रस असायचं कारण होतं. १९७२मध्ये सेतोच्या आतल्या समुद्रात शॅटोनेलाच्या लाटेने पिंजऱ्यात पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख यलोटेल मासे मेले. नुकसान सुमारे ७१० कोटी येन. एका उन्हाळ्यात, एका सूक्ष्म जीवामुळे.

शॅटोनेलाला चिलखत नाही. उघडी पेशी, दोन शेपट्या, आणि कातडीखाली चिकट द्रव फेकणाऱ्या कुप्या. जरा डिवचलं की ती बुळबुळीत आवरण सोडते. मासे मरतात ते गुदमरून, कल्ले खराब झाल्याने रक्तात प्राणवायू पोचत नाही म्हणून. पण कल्ले खराब कशाने होतात यावर जपानमध्ये अनेक वर्षं वाद चालला. एका बाजूचं म्हणणं, पेशीने सोडलेला चिकट थर कल्ल्यांवर बसतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शॅटोनेला भरपूर प्रमाणात सुपरऑक्साइडसारखे जहाल ऑक्सिजन-रेणू सोडते, खरा मारेकरी तो. तिसरे म्हणतात दोन्ही मिळून, चिकट थर ते रेणू कल्ल्याला नेऊन चिकटवतो. काही जण मेदाम्लांकडेही बोट दाखवतात.

आणि इथे १७६९चाच प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. यलोटेल काही शॅटोनेला वेचून खात नाही, ती त्याच्या कल्ल्यांतून नुसती वाहत जाते. म्हणजे ते हत्यार माशासाठी नव्हतंच. असेल तर ते तिच्याच मापाच्या कुणासाठी, तिला गिळायला येणाऱ्या एखाद्या सिलिएटसाठी किंवा डायनोफ्लॅजेलेटसाठी. मासा मधे सापडला. हे तपासायचं तर पॅरामेशियमसारखे दोन भाऊ हवेत, एक कुप्यांचा आणि एक बिनकुप्यांचा. समुद्रातल्या या जीवांचे असे भाऊ बनवणं अवघड आहे. डायनोफ्लॅजेलेटचा तर जनुकसंच कित्येक जातींत माणसाच्या अनेक पट मोठा असतो, आणि त्यातलं एक नेमकं जनुक बंद करायची साधनं प्रयोगशाळांमध्ये अजून चाचपडतच आहेत. त्यामुळे कार्टरच्या रक्तवर्णी पेरिडिनियमच्या तटामागच्या जंग्यांमधून नेम कुणावर धरलेला असतो, याचं १९९१सारखं स्वच्छ उत्तर समुद्राच्या बाबतीत अजून कुणी देऊ शकलेलं नाही. बिनजंग्यांचा एक किल्ला आधी बांधून, त्याला शत्रूसमोर सोडून बघावं लागेल.